दात वाचतो तो मैदानावरच

पडलेला दात दवाखान्यात कशातून येतो, यावरून तो वाचणार की नाही याचा अंदाज मला मूल खुर्चीत बसायच्या आधीच येतो. बहुतेक वेळा तो हातरुमालाच्या गाठीत नाहीतर वहीच्या कागदाच्या पुडीत येतो. कोरडा आणि लख्ख. आईने तो नळाखाली घासून, मूळ अगदी पांढरं होईपर्यंत धुतलेला असतो. तिने जिवापाड काळजीने केलेलं हेच काम त्या दाताच्या मुळावर येतं.

मी फलटणला दातांचा दवाखाना चालवते. आमच्या भागात खो-खो आणि कबड्डी म्हणजे जीव की प्राण. शालेय स्पर्धा सुरू झाल्या की मार लागलेली मुलं येऊ लागतात. सूर मारताना तोंड खांबावर आपटतं, पकडीच्या झटापटीत एकाचं डोकं दुसऱ्याच्या तोंडावर बसतं आणि समोरचा दात मुळासकट बाहेर येतो. दात म्हटलं की डॉक्टरचं काम, असं धरून सगळे माझ्याकडे धाव घेतात. पण माझ्याकडे पोचेपर्यंत त्या दाताचा निकाल बहुधा लागलेला असतो. तो वाचवणारा खरा माणूस मैदानावर असतो: क्रीडाशिक्षक, पंच किंवा कडेला उभा असलेला पालक. हे ज्ञान त्याच्यापर्यंत पोचवणं ही शाळेची जबाबदारी आहे आणि ती आपण पार पाडत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

दाताच्या मुळावर जिवंत पेशींचा एक पातळ थर असतो. तोच दाताला हाडाशी बांधून ठेवतो. दात कोरडा राहिला की या पेशी काही मिनिटांतच मरू लागतात आणि तासाभरात जवळजवळ संपतात. घासलं तर खरवडून निघतात. साध्या पाण्यात बुडवून ठेवल्या तर पाणी शोषून फुगतात आणि फुटतात. दुधात मात्र त्या तग धरतात, कारण दुधातलं क्षारांचं प्रमाण आपल्या शरीरातल्या द्रवांच्या जवळ जाणारं असतं.

म्हणून दात पडला की तो आधी शोधायचा. पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, मुळाला बोट लावायचं नाही. माती लागली असेल तर दुधाने किंवा स्वच्छ पाण्याने क्षणभर विसळायचा. मूल शांत असेल तर दात सुलट धरून त्याच खाचेत हलकेच बसवायचा आणि रुमाल चावून धरायला सांगायचं. हे जमणार नसेल तर थंड, बिनसाखरेच्या दुधात टाकायचा आणि अर्ध्या तासात, फार तर तासाभरात दवाखाना गाठायचा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारून घ्यायचं. मुलाची शुद्ध हरपली असेल किंवा उलट्या होत असतील, तर दाताचा विचार नंतर. आधी १०८ ला फोन.

दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही, त्याने खालच्या कायमच्या दाताला इजा होते. समोरचे कायमचे दात साधारण सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान येतात. शंका असेल तर दात दुधात घालून आणा, कोणता आहे ते आम्ही बघू.

मागे एकदा सातवीतल्या एका मुलाला घेऊन त्याचे सर आले. त्यांच्या हातात चहाच्या टपरीवरून घेतलेला दुधाचा काचेचा ग्लास होता, वर पंजा झाकलेला, तळाशी दात. तो दात मी जागेवर बसवला, शेजारच्या दातांना बारीक तारेने दोन आठवडे बांधला, पुढे रूट कॅनाल केलं. आज तो मुलगा त्याच दाताने पेरू खातो. सरांनी वेळेवर दूध मागितलं, म्हणून. दात गेला असता तर वाढत्या जबड्यात इम्प्लांट बसवता येत नाही. अठरा वर्षांचा होईपर्यंत त्याला काढघाल करायची कवळी लावून वर्गात बसावं लागलं असतं.

घरातल्या दातदुखीतही पहिला निर्णय घरच्यांचाच असतो. दाढ ठणकायला लागली की कुणी मिश्री दाबून ठेवतं, कुणी वेदनाशामक गोळी हिरडीवर ठेवतं. मिश्रीत तंबाखूच असतो आणि गोळीने हिरडी भाजते. लवंग रात्रीपुरता आराम देते, कीड तिथेच राहते. ठणका आपोआप थांबला म्हणजे दाढ बरी झाली असंही नाही. बरेचदा आतली नस मेलेली असते आणि पू मुळाशी साठत असतो. गालावर सूज आली की बाहेरून गरम शेक देऊ नका, मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिकही आणू नका. हनुवटीखाली सूज, तोंड उघडेना, गिळवेना, श्वास जड, सोबत ताप, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट न बघता मोठं रुग्णालय गाठा. जबड्याखाली पसरलेली अशी सूज श्वासनलिका बंद करू शकते, माणूस दगावू शकतो. वरची दाढ काढली की नजर जाते, या भीतीने कित्येक जण इथवर येऊन ठेपतात. डोळ्याची नस वेगळी आहे, दाढ काढल्याने नजर जात नाही.

हे बहुतांशी टाळता येतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्या पालघरमधून झाली. त्याची पथकं शाळेत येऊन मुलांचे दातही तपासतात. कीड आहे असं त्यांनी सांगितलं, तर पालकांनी ते गंभीरपणे घ्यावं. ज्यांचे समोरचे दात पुढे आहेत, त्या मुलांना मार लागण्याचा धोका जास्त असतो, त्यांना वेळीच दाखवावं. कबड्डी खेळणाऱ्या मुलांना माउथगार्ड मिळायला हवेत. बॉक्सिंगमध्ये आपण त्यांचा आग्रह धरतो, मग कबड्डीत का नाही?

शिक्षण विभागाने क्रीडाशिक्षकांच्या प्रशिक्षणात हा विषय घ्यावा, ही माझी मागणी आहे. पण मुख्याध्यापकांनी त्या आदेशाची वाट बघू नये. प्रथमोपचार पेटीच्या झाकणावर उद्याच एक कागद चिकटवा: ‘दात पांढऱ्या भागाला धरा. घासू नका. दुधात ठेवा. अर्ध्या तासात दवाखाना.’ खाली जवळच्या दंतवैद्याचा फोन नंबर लिहा. याला ना निधी लागतो, ना परवानगी.