आपोआप डिप्पर, पण कोणासाठी?

दिवाळी सरली की जळगाव–छत्रपती संभाजीनगर महामार्गावर सहाच्या सुमारासच अंधार उतरतो. जामनेरकडून आणि शेंदुर्णीकडून येणारे रस्ते पहूरला या महामार्गाला मिळतात, आणि नेमक्या त्याच वेळी तिथे सगळ्या तऱ्हेची वाहने एकत्र येतात. कापूस भरून जिनिंगकडे निघालेले ट्रॅक्टर, केळीचे ट्रक, एस.टी., अजिंठा लेणी पाहून परतणाऱ्या मोटारी, एका हाताने डोळ्यांवर आडोसा धरून चाललेले दुचाकीस्वार. कडेने मजुरीवरून घरी निघालेली माणसे चालत असतात. त्यांच्याजवळ दिवा नसतो. हा रस्ता वर्षानुवर्षे खोदलेल्या अवस्थेत होता तेव्हा सगळीच वाहने रांगत चालायची. काँक्रीट झाले तिथे वेग वाढला. दिव्यांची शिस्त मात्र होती तिथेच राहिली.

याच रस्त्यावर आता अशा मोटारीही धावू लागल्या आहेत, ज्यांचा अप्पर-डिप्पर चालकाला करावा लागत नाही. समोरून गाडी आली की दिवा आपोआप खाली, गेली की पुन्हा वर. महिंद्राची २०२१ ची एक्सयूव्ही ७००, होंडा सिटीची २०२२ ची हायब्रिड आणि त्यानंतर आलेल्या बऱ्याच गाड्यांच्या वरच्या प्रकारांत ही सोय मिळते. शोरूममध्ये ती सुरक्षिततेच्या यादीत सांगितली जाते आणि घेणाऱ्याला वाटते, रात्रीची एक चिंता मिटली. ती कितपत मिटली, हे कळण्यासाठी आधी यंत्र काय पाहते आणि मग माणसाचा डोळा काय पाहतो, हे दोन्ही समजून घ्यावे लागते.

समोरच्या काचेमागे, आतल्या आरशाजवळ एक छोटा कॅमेरा बसवलेला असतो. तो रस्त्याची चित्रे टिपत राहतो आणि गाडीतला संगणक त्या चित्रांत प्रकाशाचे ठिपके शोधतो. शेजारी-शेजारी आणि एकत्र हलणारे दोन पांढरे ठिपके म्हणजे समोरून येणारी गाडी. लाल ठिपके म्हणजे पुढे चाललेली गाडी. उंचावर ओळीने दिसणारे दिवे म्हणजे वस्ती आली. यांपैकी काही दिसले की दिवा डिप्परवर येतो आणि काहीच दिसले नाही तर अप्परवर जातो. बहुतेक गाड्यांत ही यंत्रणा ताशी साधारण ३०-४० किलोमीटरच्या पुढेच जागी होते. महागड्या मोटारींत याच्या पुढची पायरी असते. ऑडीने २०१३ मध्ये ए८ या गाडीत आणलेल्या मॅट्रिक्स एलईडीसारख्या दिव्यांत अनेक लहान दिवे असतात. समोरच्या गाडीवर पडणारा तेवढाच भाग विझतो आणि बाकीचा रस्ता उजळलेला राहतो. युरोपात असे दिवे आधीपासून होते, अमेरिकेने त्यांना फेब्रुवारी २०२२ मध्ये परवानगी दिली. आपल्याकडच्या मध्यम किमतीच्या गाड्यांत बहुतांशी साधी, वर-खाली करणारी सोयच असते.

कल्पना तशी नवी नाही. जनरल मोटर्सने १९५२ मध्ये कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिल गाड्यांवर ‘ऑट्रॉनिक आय’ नावाचा प्रकाशसंवेदक बसवला होता. तोही समोरचा उजेड पाहून दिवा खाली करायचा.

पण अमेरिकेला याची गरज का वाटली, हे आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. तिथले बहुतेक चालक अप्पर लावतच नाहीत. इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने २०१६ मध्ये मिशिगनमधल्या एका भागात पाहणी केली, तेव्हा आसपास दुसरे वाहन नसतानाही अप्पर वापरणाऱ्या गाड्या फक्त १८ टक्के निघाल्या. रिकाम्या अंधाऱ्या रस्त्यावरही लोक डिप्परवरच चालतात, त्यामुळे पादचारी उशिरा दिसतो; म्हणून यंत्राने त्यांच्या वतीने अप्पर लावावा, हा विचार. आपला आजार नेमका उलटा. आपल्याकडे अप्पर लागतो तो गावापासून गावापर्यंत, आणि खाली येतो तो समोरच्याने दोन-तीनदा दिवे मारले तर. ट्रकच्या पाठीवर ‘यूज डिप्पर ॲट नाईट’ रंगवायची वेळ उगाच आली नाही. (२०१६ मध्ये टाटा मोटर्सने ट्रकचालकांमधील एड्स प्रतिबंधासाठी ‘डिप्पर’ नावाचा निरोध आणला, तेव्हा हे वाक्य जाहिरातीला आयतेच मिळाले. आरोग्य खात्याच्या भित्तिपत्रकांपेक्षा ते चालकांना जास्त पाठ होते.)

आता हेच यंत्र पहूरच्या रस्त्यावर ठेवून पाहू. जो मुळात डिप्पर करतच नव्हता, त्याच्या गाडीत ते असेल तर समोरच्याचा फायदाच आहे. तो नाकारण्याचे कारण नाही. अडचण येते ती यंत्र दिवे ओळखते म्हणून. ज्याच्याजवळ दिवा आहे, त्याच्यासाठीच ते नमते. पायी चालणारा, सायकलवाला, बैलगाडी, मागचा दिवा फुटलेली ट्रॉली यांना साधी यंत्रणा वाहन म्हणून मोजत नाही, आणि पूर्ण अप्पर थेट त्यांच्या डोळ्यांवर पडतो. शेतीपंपाची वीज आळीपाळीने रात्री असते, त्यामुळे बारी द्यायला रात्री निघणारा शेतकरी याच रस्त्याने जातो. चैत्रात खान्देशातून सप्तशृंगीच्या गडाकडे पायी निघणारे भाविक उन्हाच्या भीतीने रात्री आणि पहाटेच जास्त चालतात. या माणसांकडे पाहून कॅमेऱ्याला दिवा खाली करावासा वाटत नाही.

दुचाकीचा एकच ठिपका असतो. लांबून तो शेतातल्या घराचा बल्ब आहे की वाहन, हे ठरवायला यंत्राला वेळ लागू शकतो. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू असेपर्यंत लागलेलाच राहतो, त्याचा इथे उपयोग होतो. पण एक दिवा गेलेला ट्रॅक्टरही दुचाकीसारखाच दिसतो, आणि त्याची रुंदी ना यंत्राला कळते ना समोरच्या चालकाला. वळणावर आणि चढाच्या माथ्यावर समोरची गाडी एकदम पुढ्यात येते. कॅमेरा तिला पाहून निर्णय घेईपर्यंतचा क्षण समोरच्याला झोंबलेला असतो. माणूस अशा वेळी वळणाआडचा उजेड झाडांवर पडलेला पाहून आधीच डिप्पर करतो. हा अंदाज यंत्राला सहसा जमत नाही. दुभाजकावर झुडपे असतील तर आणखी एक गंमत होते. ट्रकचे दिवे झुडपांआड लपतात, कॅमेऱ्याला रस्ता रिकामा वाटतो, पण उंच केबिनमध्ये बसलेल्या ट्रकचालकाच्या तोंडावर झुडपांवरून पूर्ण झोत जातो. पाऊस, धुके, काचेवरची धूळ आणि मेलेले किडे यांनीही अंदाज चुकतो. दिशादर्शक फलकाचा परावर्तित उजेड पाहून दिवा उगाच खाली आल्याच्या तक्रारी जगभर आहेत. म्हणूनच गाडीबरोबरच्या पुस्तिकेत दिव्यांची अंतिम जबाबदारी चालकाचीच असल्याचे लिहिलेले असते. ती पुस्तिका किती जण उघडतात, हा प्रश्न वेगळा.

आता डोळ्याकडे येऊ. झोत डोळ्यावर आला की ‘डोळे दिपतात’ असे आपण म्हणतो. त्यात दोन वेगळ्या गोष्टी घडतात. एक म्हणजे डोळ्याच्या आतल्या भिंगात आणि पारपटलात प्रकाश विखुरतो आणि दृष्टिपटलावर त्याचा एक पांढुरका पडदा पसरतो. रस्त्याच्या कडेचा गडद कपड्यांतला माणूस त्या पडद्यामागे अक्षरशः नाहीसा होतो. दुसरी गोष्ट झोत निघून गेल्यावरची. दृष्टिपटलातील रंगद्रव्य तीव्र प्रकाशाने फिके पडते आणि पुन्हा भरून यायला वेळ घेते. पूर्ण अंधाराला सरावायला डोळ्याला वीस-तीस मिनिटे लागतात. रस्त्यावर इतका अंधार नसतो, त्यामुळे कामापुरते दिसायला काही सेकंद पुरतात. पण ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. तीन सेकंद धड दिसले नाही, तर ६६ मीटर रस्ता अंदाजावर कापला जातो.

हे सेकंद सगळ्यांचे सारखे नसतात. वय वाढते तशी बाहुली अंधारात पूर्वीइतकी मोठी होत नाही आणि भिंग पिवळट होत जाते. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या तरुणाच्या जेमतेम एकतृतीयांश प्रकाश पोहोचतो. मोतीबिंदू सुरू झाला असेल तर विखुरणे कैक पटींनी वाढते. मधुमेहाने दृष्टिपटल खराब झालेल्यांना सावरायला जास्त वेळ लागतो. काचबिंदू, ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता, बुबुळावर वाढलेला मांसाचा पडदा, डोळ्यांवर झालेली जुनी जखम, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. खान्देशात उन्हातान्हात शेतात राबणाऱ्यांमध्ये मोतीबिंदू आणि मांसवाढ नवी नाही, आणि ‘कापूस निघाला की ऑपरेशन करू’ म्हणत वर्ष काढणारे रुग्णही कमी नाहीत. कापूस निघण्याचा हंगाम आणि लवकर अंधार पडण्याचा हंगाम एकच.

यात फसवणारी गोष्ट अशी की सुरुवातीच्या मोतीबिंदूत तक्त्यावरची अक्षरे बऱ्यापैकी वाचता येतात. खोलीत उजेड असतो, अक्षरे काळीभोर असतात आणि समोरून कोणी झोत मारत नसतो. लायसन्सच्या अर्जासोबतच्या स्वयंघोषणेतही चांगल्या दिवसाउजेडी २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, असे विचारलेले असते. उजेड डोळ्यांवर असताना दिसते का, हे कुठेच तपासले जात नाही. चाळिशीनंतर लायसन्ससाठी डॉक्टरचे प्रमाणपत्र लागते. त्या वेळी ‘रात्री समोरून गाडी आली की दिव्याभोवती कडे दिसते का, थांबावेसे वाटते का’ एवढे विचारायला यंत्र लागत नाही, एक मिनिट लागते.

नव्या दिव्यांनी भर घातली आहे ती वेगळीच. पांढऱ्या-निळसर एलईडीचा प्रकाश पिवळट हॅलोजनपेक्षा डोळ्यांना जास्त टोचतो. कंपनीने नीट बसवलेला एलईडी तरी डिप्परवर असताना एका रेषेच्या वर जात नाही. खरा उपद्रव गॅरेजमध्ये बसवलेल्या दिव्यांचा. ६०/५५ वॅटच्या हॅलोजनसाठी घडवलेल्या वाटीत १००/९० वॅटचा बल्ब किंवा स्वस्त एलईडी टाकला की ती रेषाच मोडते आणि त्या गाडीचा डिप्परही समोरच्याला अप्पर वाटतो. अशा वाहनात कॅमेरा कितीही हुशार बसवा, उपयोग नाही. डिकीत पोती आणि मागे तीन माणसे बसली की गाडीचे नाक वर होते, दिवेही वर होतात. त्यासाठी बहुतेक मोटारींत स्टिअरिंगजवळ शून्य ते तीन आकड्यांची एक छोटी चकती असते. ती कशासाठी आहे हे गाडीमालकांना विचारून पाहावे; उत्तरे मनोरंजक मिळतात. पूर्वी दिव्याच्या काचेवर काळा पट्टा मारायची पद्धत होती. तिची आता थट्टा होते, पण तिच्या मागचा हेतू वेडगळ नव्हता.

समोरून वाहन येत असताना दिवा खाली करणे २०१७ च्या वाहन चालवण्याच्या केंद्रीय नियमांतही आहे. अंमलबजावणीची तऱ्हा सगळ्यांना माहीत आहे: हेल्मेट आणि सीटबेल्ट दिवसा दिसतो, पावती फाडता येते, अप्पर रात्री लागतो आणि गाडी पुढे निघून जाते. भारत एनकॅप ही सुरक्षा मानांकन पद्धत ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली, पण तिचे तारे धडकेत आतल्या माणसाचे काय होते यावर मिळतात. दिवे समोरच्याला किती दिपवतात, याला त्यात गुण नाहीत. अमेरिकेतली वर उल्लेखलेली संस्था २०१६ पासून गाड्यांच्या दिव्यांना वेगळे गुण देते आणि दिपवणाऱ्या दिव्यांचे गुण कापते. तिच्याच अभ्यासात चांगल्या दिव्यांच्या गाड्यांकडून रात्री पादचाऱ्यांना होणारे अपघात वाईट दिव्यांच्या गाड्यांपेक्षा २३ टक्क्यांनी कमी आढळले. आपल्या रस्त्यांवर २०२२ मध्ये १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची आणि ३२,८२५ पायी चालणारी होती. दिवसाच्या तीन-तीन तासांच्या टप्प्यांत सर्वाधिक अपघात संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत नोंदले जातात. त्याला थकवा, दारू, गर्दी अशी इतरही कारणे आहेत. पण ज्यांच्या जिवाचा प्रश्न आहे ते बहुतांशी मोटारीच्या बाहेर आहेत, हे मानांकन ठरवणाऱ्यांनी पाहायला हवे.

तोवर ज्यांच्या गाडीत ही सोय आहे त्यांनी ती मोकळ्या, दुभाजक असलेल्या रस्त्यावर वापरावी आणि पहूर, वाकोद, फर्दापूर अशी गावे जवळ आली, कडेने माणसे दिसू लागली किंवा अजिंठ्याचा घाट लागला की दिवा हाताने डिप्परवर ठेवावा. समोरून झोत आलाच तर त्याच्याकडे न पाहता रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या रेषेकडे पाहावे आणि वेग कमी करावा. सूड म्हणून अप्पर मारला की दोन्ही चालक एकाच वेळी आंधळे होतात. समोरची काच आतूनही पुसावी, कारण तिथला तेलकट थर झोत पसरवतो. दुचाकीस्वाराने ओरखडे पडलेली हेल्मेटची काच बदलावी. रात्रीसाठी म्हणून विकले जाणारे पिवळे चष्मे घेऊ नयेत. २०१९ मध्ये अमेरिकेत सिम्युलेटरवर केलेल्या चाचणीत त्यांनी झोतासमोर पादचारी दिसायला काहीच मदत झाली नाही. पन्नाशी ओलांडलेल्या आणि रात्री गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने वर्षातून एकदा डोळे तपासून घ्यावेत, आणि मधुमेह असेल तर बाहुली मोठी करून दृष्टिपटल पाहून घ्यावे. सरकारी रुग्णालयात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते.

आणि ट्रॉलीच्या मागे रेडियमच्या पट्ट्या लावाव्यात. गडद कपड्यांतला माणूस डिप्परच्या उजेडात वीस-तीस मीटरवर आल्यावर दिसतो, रेडियम शंभर मीटरच्या पुढून चमकते. पायी जाणाऱ्यांच्या जथ्यात शेवटी चालणाऱ्याच्या पाठीवर आणि पिशवीवर एकेक पट्टी चिकटवली, तर चालकाला त्याच्यासाठी ब्रेक मारायला वेळ मिळतो, गाडीत कॅमेरा असो वा नसो.