हातात मावणारा छापखाना

ओपन-सोर्स हँडहेल्ड घ्यायचा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "खिशात मोबाईल आहे ना, मग हे खेळणं कशाला?" प्रश्न रास्त आहे. जुने गेम्स नुसते खेळायचे असतील तर मोबाईल पुरतो. १९८९ सालच्या गेम बॉयची मुख्य मेमरी होती ८ केबी. आजच्या साध्यातल्या साध्या फोनला त्याची नक्कल करणं म्हणजे हातचा मळ. तरीही असा हँडहेल्ड घ्यावा असं माझं मत आहे, आणि ते मी साहित्याची विद्यार्थिनी म्हणूनच मांडते आहे.

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. हँडहेल्ड म्हणजे हातात धरून खेळायचं छोटं यंत्र : एक स्क्रीन आणि थोडी बटणं. रेट्रो गेमिंग म्हणजे जुन्या यंत्रांचे गेम्स खेळणं, बहुतेक वेळा एम्युलेटर वापरून. एम्युलेटर हा जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम. होमब्रू म्हणजे शब्दशः घरी गाळलेली. गोव्यात याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको! इथे मात्र ती दारू नसून, कंपनीची परवानगी न विचारता लोकांनी घरी लिहिलेले गेम्स आणि प्रोग्राम आहेत. आणि ओपन-सोर्स म्हणजे त्या यंत्राचं सॉफ्टवेअर, कधीकधी यंत्राचा आराखडासुद्धा, कुणालाही वाचायला, बदलायला आणि पुढे द्यायला मोकळा असणं.

ही परंपरा आजकालची नाही. २००५ साली गेमपार्क होल्डिंग्ज या कोरियन कंपनीने जीपी२एक्स नावाचा हँडहेल्ड काढला. आत लिनक्स, गेम्ससाठी एसडी कार्ड आणि दोन साधे पेन्सिल सेल. त्यावर प्रोग्राम लिहायला कंपनीची आडकाठी नव्हती, त्यामुळे वापरणारेच लिहू लागले. पुढे त्यांच्यातल्याच काही जणांनी ठरवलं की यंत्रही आपणच बनवायचं. त्यातून पँडोरा आला. या वाटेवर खड्डे होतेच. २००८ मध्ये आगाऊ पैसे भरलेल्यांना पहिली यंत्रं मिळायला २०१० उजाडलं, काहींना त्याहून जास्त थांबावं लागलं. पण वाचकांनीच एकत्र येऊन छापखाना उभा करावा, तसं काहीतरी तिथे घडलं.

हा छापखाना हवा कशासाठी? कारण बंद दुकानातली पुस्तकं दुकानाबरोबर जातात. २७ मार्च २०२३ रोजी निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यू या यंत्रांच्या ऑनलाइन दुकानांतली विक्री थांबवली. फक्त तिथेच मिळणारे गेम्स त्या दिवसापासून रीतसर विकत घेता येत नाहीत. त्याच वर्षी व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेम्सपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत, असा त्याचा निष्कर्ष. शंभरातली सत्त्याऐंशी पुस्तकं छपाईबाह्य झाली असती तर आपण साहित्यवाल्यांनी केवढा गहजब केला असता!

आपल्याला हे नवीन वाटू नये. फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात छापलं गेलं, १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापलं गेलं. या तीन आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो लोकांनी हाताने उतरवलेल्या पोथ्यांमुळे, आणि त्या पोथ्यांवरूनच १९०७ मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापता आला. ज्या वस्तूची नक्कल करता येते ती टिकते, ही शिकवण आपल्या घरातलीच आहे. एम्युलेटर लिहिणारे लोक मला त्या पोथ्या उतरवणाऱ्यांच्या जातकुळीतले वाटतात.

इथे एक गोष्ट मात्र स्वच्छ बोलली पाहिजे. बाजारात 'दहा हजार गेम्स भरलेलं कार्ड फुकट' असं सांगून हँडहेल्ड विकतात. ते गेम्स कुणाच्या तरी मेहनतीचे असतात आणि विकणाऱ्याने परवानगी घेतलेली नसते. 'चोरी करू नको' ही सातवी आज्ञा एसडी कार्डालाही लागू आहे. जपणूक आणि फुकटेगिरी एकाच कार्डावर मावतात म्हणून त्या एक होत नाहीत. होमब्रूचं महत्त्व इथेच कळतं. 'टोबू टोबू गर्ल' हा गेम बॉयसाठीचा गेम २०१७ मध्ये आला. तो फुकट खेळता येतो, आणि त्याचा कोडही वाचायला खुला आहे. जुन्या यंत्रासाठी आजही नवीन लिहिलं जातं. म्हणजे ती मेलेली भाषा नव्हे.

आता माझ्या मुद्द्यावर येते. मला सर्वात आवडलेला हँडहेल्ड जुने गेम्स खेळवतच नाही. त्याचं नाव आर्डुबॉय. केविन बेट्स या अमेरिकन माणसाने २०१४ मध्ये टेट्रिस खेळता येईल असं व्हिजिटिंग कार्ड बनवलं होतं, त्यातून तो जन्मला. क्रेडिट कार्डाएवढा आकार, काळा-पांढरा स्क्रीन, त्यावर आडवे १२८ आणि उभे ६४ ठिपके. प्रोग्रामसाठी ३२ केबी मेमरी, त्यातली ४ केबी यंत्राच्या स्वतःच्या कामाला जाते. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेते, त्यामुळे तुम्ही वाचताय तो हा एवढासा लेखच त्यातली साधारण निम्मी जागा खाईल.

या यंत्रात मराठी नाही. पण ती घालायला कुणाला अर्ज करावा लागत नाही. इंग्रजी अक्षर पाच बाय सात ठिपक्यांत बसतं. आपल्याला शिरोरेषा हवी, वर वेलांटी, खाली उकार. सोळा बाय सोळाचा चौकोन धरला तर एका अक्षराला २५६ ठिपके, म्हणजे ३२ बाइट. पन्नास अक्षरं १६०० बाइटमध्ये बसली. आलेखाच्या वहीत चौकोन रंगवत हे कुणालाही करता येईल. स्क्रीनवर चार ओळी, ओळीत आठ अक्षरं. मग खरे प्रश्न सुरू होतात : जोडाक्षरं किती ठेवायची? 'ऱ्या'मधल्या त्या वाकड्या र ला जागा द्यायची का? की जोडाक्षर टाळून गोष्ट लिहायची? छंदात लिहिताना पडतात तसलेच हे पेच. भाषेचा एवढा बारीक विचार मला दुसऱ्या कुठल्या यंत्राने करायला लावलेला नाही. मोबाईलवर मराठी आयती मिळते, म्हणून ती कशी बसवली आहे हे आपल्याला कधी दिसतच नाही.

पैशाचं काय? लगेच काही विकत घेऊ नका. आर्डुबॉयसाठी लिहायची साधनं फुकट आहेत आणि लिहिलेला गेम कॉम्प्युटरवर तपासता येतो. हात साफ असेल तर आर्डुइनो लिओनार्डोमध्ये असते तीच चिप, एक छोटा ओएलईडी स्क्रीन आणि सहा बटणं जोडून घरीही बनवता येतो, कारण आराखडा खुला आहे. विकतच घ्यायचा असेल, मग तो कुठलाही हँडहेल्ड असो, तर तीन गोष्टी विचारा. त्याच्या सॉफ्टवेअरचा कोड खरंच प्रसिद्ध केला आहे का? स्वतः लिहिलेला प्रोग्राम कुणाला न विचारता त्यात घालता येतो का? बॅटरी बदलता येते का? आत लिनक्स आहे एवढ्यावर भुलू नका.

मंडळापुढे माझा एक प्रस्ताव आहे. मंडळाच्या वर्गणीतून एकच आर्डुबॉय घेऊया आणि कॉम्प्युटर विभागातल्या दोघातिघांना चहाला बोलावूया. त्यांच्याकडे कोड आहे, आपल्याकडे गोष्टी आहेत. पुढच्या अंकासोबत एक मराठी गेम डाउनलोडला ठेवता आला तर आपला अंक वाचणाऱ्याला त्यात स्वतः काही बदलूनही पाहता येईल. बत्तीस अक्षरांच्या पानावर कोण काय लिहितं, ते वाचायची मला फार उत्सुकता आहे.