जिनिव्हात मागितले, दिल्लीत वापरले नाही

जिनिव्हा येथे जागतिक आरोग्य सभेने २० मे २०२५ रोजी महासाथविषयक करार संमत केला आणि 'ऐतिहासिक' या विशेषणाची सर्वत्र खैरात झाली. तीन वर्षांहून अधिक काळ वाटाघाटी चालल्या होत्या. आदल्या दिवशी समितीत १२४ राष्ट्रांनी बाजूने मत दिले, ११ तटस्थ राहिली, विरोधात एकही गेले नाही. या एकमताने हुरळून जाण्यापूर्वी ते कशाच्या मोलाने मिळाले हे पाहिले पाहिजे. लसी व औषधे बनविण्याचे तंत्रज्ञान इतर देशांना मिळावे असे करार म्हणतो. पण ते देणाऱ्याने स्वखुशीने, परस्परसंमत अटींवर द्यावयाचे आहे. महासाथीत कंपन्यांनी आपल्या उत्पादनाचा वीस टक्के भाग जागतिक आरोग्य संघटनेला उपलब्ध करून द्यावा, त्यातील निदान निम्मा विनामूल्य असावा, असे लक्ष्य त्यात आहे. उरलेले ऐंशी टक्के बाजाराच्या हवाली! ज्याच्या हाती किल्ली, त्याचीच मर्जी.

ही मर्जी कशी चालते हे जगाने नुकतेच पाहिले आहे. गरीब देशांना लस पुरविण्यासाठी उभारलेल्या 'कोव्हॅक्स' योजनेने २०२१ अखेर २०० कोटी मात्रांचे उद्दिष्ट ठेवले होते. शंभरावी कोटी गाठली गेली ती जानेवारी २०२२ मध्ये. दरम्यान धनाढ्य राष्ट्रांनी आपल्या लोकसंख्येच्या कित्येक पट मात्रा आधीच राखून ठेवल्या होत्या. पुण्यात तयार होणाऱ्या लशीवर ही योजना फार विसंबली होती. दुसऱ्या लाटेत आपली निर्यात थांबताच आफ्रिकेतील लसीकरण अडखळले. साऱ्या खंडाचे प्राण एका शहरातल्या एका कारखान्यावर टांगलेले असावेत, याला व्यवस्था म्हणावे काय?

भारत आणि दक्षिण आफ्रिका यांनी २ ऑक्टोबर २०२०, गांधीजयंतीच्या दिवशी, जागतिक व्यापार संघटनेपुढे मागणी मांडली की, महासाथ असेपर्यंत लसी, औषधे व चाचण्या यांवरील बौद्धिक संपदेचे हक्क स्थगित करावेत. शंभरावर देशांनी तिला पाठिंबा दिला. युरोपीय संघ, ब्रिटन व स्वित्झर्लंड आडवे आले. मे २०२१ मध्ये अमेरिकेने होकार दिला, पण केवळ लशींपुरता. अखेर १७ जून २०२२ रोजी जो निर्णय झाला तो फक्त लशींच्या पेटंटांविषयी होता. आणि तोवर लशींची टंचाई सरली होती. औषधे व चाचण्या यांचा निर्णय सहा महिन्यांत घ्यावयाचा होता. तो झालाच नाही.

पेटंट नसेल तर संशोधन कोण करील, असे आम्हांस बजावले जाते. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले. त्या शास्त्राच्या साध्या हिशेबानेही हा युक्तिवाद टिकत नाही. मॉडर्नाच्या लशीमागे अमेरिकन करदात्यांचा पैसा व सरकारी संस्थेतील शास्त्रज्ञ होते. ॲस्ट्राझेनेकाच्या लशीचा उगम ऑक्सफर्ड विद्यापीठात झाला. जोखीम समाजाने उचलली, मालकी मात्र भागधारकांची झाली.

परंतु येथवर परकीयांवर बोट ठेवून थांबणे हा अप्रामाणिकपणा होईल. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषध या वस्तूवर पेटंट नाकारले, केवळ प्रक्रियेवर दिले. त्याच पायावर उभा राहिलेला आपला औषधउद्योग २००१ मध्ये एड्सवरील औषधे वर्षाला ३५० डॉलरांत देऊ शकला. बहुराष्ट्रीय कंपन्यांचा भाव १० हजार डॉलरांच्या वर होता. २००५ मध्ये व्यापार संघटनेच्या दडपणाखाली आपण वस्तूवरील पेटंट मान्य केले. तरीही सक्तीच्या परवान्याचे अधिकार कायद्यात शिल्लक राहिले. मार्च २०१२ मध्ये मुंबईतून कर्करोगाच्या एका औषधासाठी असा परवाना दिला गेला आणि महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपयांवरून ८,८०० रुपयांवर आला. तो आपल्याकडचा पहिला परवाना. त्यानंतर दुसरा निघाला नाही.

एप्रिल २०२१ मध्ये लोक औषधासाठी रात्ररात्र रांगेत उभे असताना सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला या अधिकारांविषयी विचारले. मे महिन्यातील प्रतिज्ञापत्रात सरकारचे उत्तर आले की, या घडीला त्यांची वाच्यता करणेही हानिकारक ठरेल. जे जिनिव्हात जगाकडे मागत होतो, ते दिल्लीत स्वतःच्या हाती असून वापरले नाही. पेटंट उठल्याने लस आपोआप तयार होत नाही, कारखाना व कसब लागते, हा आक्षेप खरा आहे. पण म्हणूनच सार्वजनिक कारखान्यांचा प्रश्न येतो. 'कोव्हॅक्सिन' सरकारी संशोधन संस्थांच्या सहभागातून निघाली. १८९७ मध्ये प्लेगची लस ज्या मुंबईत तयार झाली, तेथील हाफकिनला ही लस बनविण्याची परवानगी मिळाली ती एप्रिल २०२१ मध्ये, दुसरी लाट अंगावर आल्यानंतर.

म्हणून कार्यकर्त्यांनी महासाथीचा प्रश्न दूरच्या परिषदांचा समजू नये. आपली मागणी स्पष्ट असली पाहिजे: साथीच्या काळात सक्तीचे परवाने आपोआप लागू व्हावेत, सार्वजनिक पैशातून निघालेले ज्ञान सार्वजनिकच राहावे, आणि सरकारी लसकारखाने साथ येण्यापूर्वी सज्ज असावेत. घरी जे वापरण्याची हिंमत नाही, ते जगाच्या दरबारात मागणाऱ्याचा शब्द कोणी मानीत नाही. पुढची साथ आपल्या तयारीची वाट पाहणार नाही.