रशियाचं तेल स्वस्त, मग आपलं डिझेल का नाही?



"सर, रशियाकडून स्वस्त तेल येतंय ना? मग टेम्पोचं डिझेल कधी उतरणार?" कळंब, नेरळ, कर्जत पट्ट्यात नवा धंदा काढणारे बरेच जण हे विचारतात. माझं उत्तर सरळ आहे. त्या आशेवर धंद्याचं गणित मांडू नका.

आधी आकडे बघा. युक्रेन युद्धाआधी आपल्या कच्च्या तेलाच्या आयातीत रशियाचा वाटा जेमतेम २ टक्के होता. २०२३ मध्ये तो एक तृतीयांशाच्या वर गेला. युरोपने पाठ फिरवल्यावर रशियाला गिऱ्हाईक हवं होतं आणि आपल्याला सवलत. सौदा जमला. पण मुंबईत डिझेल जुलै २०२२ पासून मार्च २०२४ पर्यंत ९४ रुपयांच्या घरातच थांबलं. सवलत तेल कंपन्यांचा आधीचा तोटा भरण्यात आणि पुढे त्यांच्या नफ्यात गेली.

देशासाठी हा सौदा योग्यच होता, असं मला वाटतं. पुरवठा टिकला, पंप कोरडे पडले नाहीत. दोन देशांची मैत्री एवढं नक्की देते. तुमचं मार्जिन ती सांभाळत नाही.

उलट झळ मात्र लांबपर्यंत पोचते. ऑगस्ट २०२५ मध्ये याच तेलाचं कारण देऊन अमेरिकेने भारतीय मालावर आणखी २५ टक्के आयातशुल्क लावलं. फटका बसला कोळंबी आणि कपडे निर्यात करणाऱ्यांना!

आता आपल्या स्वयंपाकघरात या. गॅस मुख्यतः आखातातून येतो, त्याचा भाव वेगळा चालतो. रशियन तेल सवलतीत येत असतानाच १ मार्च २०२३ ला १९ किलोचा कमर्शियल सिलेंडर एका दिवसात ३५०.५० रुपयांनी वाढला. समजा तुम्ही फार्महाऊसना जेवण पुरवता. महिन्याला ८ सिलेंडर, २,००० ताटं. म्हणजे २,८०४ रुपये जादा, ताटामागे १ रुपया ४० पैसे. मार्च महिन्याच्या लग्नाचा रेट फेब्रुवारीतच पक्का करून बसला असाल, तर हे पैसे तुमच्याच खिशातून गेले.

म्हणून तीन गोष्टी करा:

१. कॉस्टिंगमध्ये इंधन "इतर खर्चात" ढकलू नका, वेगळी ओळ ठेवा.

२. कोटेशनवर मुदत लिहा, १५ दिवस पुरे. लांबच्या ऑर्डरला "इंधन दर वाढल्यास फरक लागू" ही अट आधीच सांगा. नंतर सांगितली तर भांडण होतं.

३. दर महिन्याच्या १ तारखेला सिलेंडरचा नवा भाव बघा आणि ताटाचा खर्च पुन्हा काढा.

आज रात्रीच वही घ्या. गेल्या महिन्यात डिझेल आणि गॅसवर किती गेले, आणि विक्रीच्या किती टक्के? तो आकडा कमेंटमध्ये लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यावरच बोलू.