न सांगता पाजणे

रंगपंचमीच्या गेरीत नवख्या पाहुण्याला थंडाईतून भांग पाजायची आणि त्याची फजिती बघत बसायचे, हा प्रकार आपल्या इंदूरकर मंडळींत अजूनही गमतीत जमा होतो. भांग ठेक्यावर उघड मिळते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातही नुसत्या पानांची भांग येत नाही. मग यात कसला आलाय गुन्हा, असे विचारणारे वडीलधारेही आहेत.

भांग विकत घेण्याची मुभा आहे, दुसऱ्याच्या पेल्यात गुपचूप घालण्याची नाही. १८६० च्या भारतीय दंडविधानातले कलम ३२८ हे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम १२३ झाले आहे. विष, गुंगीचे वा नशेचे औषध किंवा अपायकारक वस्तू देणाऱ्याचा हेतू इजेचा वा गुन्हा साधण्याचा असेल, किंवा इजेचा संभव त्याला ठाऊक असेल, तर १० वर्षांपर्यंत कारावास आणि दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. हृदयविकार आहे हे माहीत असूनही एखाद्याला भांग पाजली, तर 'गंमत केली' एवढ्यावर सुटका होईलच असे नाही.

दारू 'नकळत सोडवणाऱ्या' पुड्यांचेही तेच. त्या वरणात मिसळणाऱ्या गृहिणीची अगतिकता आम्हांला कळते. पण डायसल्फिरामसारखे औषध पोटात असताना माणूस प्यायला तर छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, प्रसंगी जीवही जातो. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि रुग्णाला सांगूनच द्यायचे असते.

रेल्वेत गुंगीची बिस्किटे खाऊ घालून लुटण्याचे प्रकार जुनेच आहेत. तक्रार देताना बॅग गेली एवढेच लिहून थांबू नये, गुंगी दिल्याचा उल्लेख आग्रहाने करावा. रक्त-लघवीचे नमुने ताबडतोब द्यावेत. काही औषधांचा माग लघवीत अर्धा दिवसही राहत नाही. तक्रार कोणत्याही ठाण्यात घ्यावी लागते, हद्दीची सबब चालत नाही.

सर्वांत मोठी फट मात्र घरातच आहे. पत्नीला वर्षानुवर्षे गुंगीचे औषध देऊन तिच्यावर अत्याचार करणाऱ्या व परक्यांकडून करवणाऱ्या पतीला फ्रान्समधील आव्हिन्योंच्या न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये २० वर्षांची शिक्षा दिली. आपल्याकडे परके सापडतील. पण पत्नी १८ वर्षांच्या खाली नसेल तर पतीच्या स्वतःच्या कृत्याला कलम ६३ चा अपवाद बलात्कार मानत नाही. मग कलम १२३ मधला 'गुन्हा साधण्याचा हेतू' लंगडा पडतो आणि इजा सिद्ध करण्याचे ओझे उरते. या अपवादावर मे २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचेही एकमत झाले नव्हते.

मते मागायला उमेदवार आपल्या वाड्यांत येतात, सत्यनारायणाचा प्रसादही घेतात. पुढच्या वेळी त्यांना दोन प्रश्न विचारावेत: हा अपवाद काढण्यास तुमचा पाठिंबा आहे का? आणि हेतू कोणताही असो, नकळत गुंगी देणे हाच स्वतंत्र गुन्हा ठरवणारे कलम तुम्ही मागणार का?