शेवटचे औषध कोंबडीच्या घशात!

कोलिस्टिन हे औषध डॉक्टर हौसेने देत नाहीत. मूत्रपिंडाला अपाय करते म्हणून १९७० च्या दशकात ते जवळजवळ अडगळीतच गेले होते. अतिदक्षता विभागात बाकीची प्रतिजैविके हात टेकतात, तेव्हा नाइलाजाने ते बाहेर काढावे लागते. आणि हेच औषध या देशात वर्षानुवर्षे कोंबड्यांच्या खाद्यात मिसळले गेले. तेही कोंबडी आजारी म्हणून नव्हे, तर चाळीसेक दिवसांत दोन किलो भरावी म्हणून! किलोमागे चार पैसे सुटावेत यासाठी मरणाच्या दारातल्या माणसाचा शेवटचा उपाय निकामी करायचा, याला धंदा म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

अज्ञानाची सबब इथे चालणार नाही. अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, निर्ढावतात, हे पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ सालीच बजावले होते. स्वीडनने जनावरांच्या वाढीसाठी प्रतिजैविके देणे १९८६ साली बंद केले, युरोपीय संघाने २००६ साली. जंतूंना कोलिस्टिनला दाद न देण्याचे बळ देणारे एमसीआर-१ हे जनुक डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही सापडल्याचे चीनमधल्या संशोधकांनी नोव्हेंबर २०१५ मध्ये जाहीर केले. हे जनुक एका जंतूतून भलत्याच जातीच्या जंतूत सहज जाते. चीनने २०१७ मध्ये खाद्यातले कोलिस्टिन थांबवले. आमच्या सरकारला जाग येऊन बंदी आली ती जुलै २०१९ मध्ये! दिल्ली परिसरातल्या कोंबडीच्या ७० नमुन्यांपैकी ४० टक्क्यांत प्रतिजैविकांचे अंश आढळल्याचे ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ने २०१४ मध्येच ओरडून सांगितले होते. ते कोणाच्या कानी गेले?

शेडवाल्या शेतकऱ्याच्या डोक्यावर खापर फोडून मोकळे होणाऱ्यांतले आम्ही नाही. करार पद्धतीत पिल्लू कंपनीचे, खाद्य कंपनीचे, औषधही कंपनीचेच. शेतकऱ्याच्या वाट्याला शेड, वीज, राबणे. आणि मरतूक वाढली की पैशांत कपात.

शिजवले की जंतू मरतात, असे हा धंदा छातीठोकपणे सांगतो. मरतात की! पण दुकानातल्या ओंडक्यावर एकाच सुऱ्याने दिवसभर कोंबड्या तोडल्या जातात, घरी ते मांस ओट्यावर धुतले जाते, आणि त्याच विळीवर कोशिंबिरीची काकडी चिरली जाते. ती कुठे शिजते? माळकऱ्यांनीही निश्चिंत राहू नये. कोंबड्यांच्या शेडमधल्या गादीचे तूस विष्ठेसकट कोंबडखत म्हणून भाजीच्या रानात पडते.

तपासणी जमतच नाही म्हणावे, तर युरोपला जाणारी कोळंबी प्रयोगशाळेतून पारखून जाते. तिथे माल परत आला तर परकीय चलन बुडते. इथे माणूस बुडाला तर मृत्यूच्या दाखल्यावर ‘जंतुसंसर्ग’ लिहून फाइल बंद!

२०१९ पासून या राज्यात किती खाद्य कारखान्यांवर धाडी पडल्या? किती परवाने रद्द झाले? चिठ्ठीविना जनावरांची प्रतिजैविके विकणारे किती दुकानदार कोर्टात उभे राहिले? आरोग्य खाते, पशुसंवर्धन खाते आणि अन्न व औषध प्रशासन यांनी एकमेकांकडे बोट न दाखवता ते आकडे जनतेपुढे टाकावेत. आकडे असतील तर आजवर दडवले का, आणि नसतील तर ती बंदी काय नुसते राजपत्राचे पान भरण्यासाठी घातली होती?