सत्तरीचे ‘खाशे’: पन्नास वर्षांचा हिशेब

गोव्यात मुख्यमंत्री किती आले नि किती गेले, पण सत्तरीत पन्नास वर्षे एकच नाव चाललं, प्रतापसिंह राणे. १९७२ मध्ये ते मगोतर्फे पहिल्यांदा निवडून आले आणि भाऊसाहेब बांदोडकरांच्या मंत्रिमंडळात गेले. पुढे काँग्रेसमध्ये आले. २०१७ पर्यंत एकही विधानसभा निवडणूक हरले नाहीत.

१९८० च्या जानेवारीत मुख्यमंत्री झाले. गोवा विद्यापीठ त्यांच्याच काळातलं. ३० मे १९८७ ला गोवा राज्य झालं, त्याचे पहिले मुख्यमंत्री तेच. सभापती, विरोधी पक्षनेते ही पदंही त्यांनी भूषवली. पण पक्षांतराचा फटका त्यांनाही चुकला नाही. मार्च १९९० मध्ये स्वतःच्या पक्षाचे आमदार फुटले नि सरकार गेलं. १९९८ मध्ये पुन्हा तेच. मतदारसंघ पक्का, खुर्ची मात्र डळमळीत, असाच हा प्रवास.

मराठी वाचकाला त्यांची आठवण राहील ती राजभाषा कायद्यामुळे. फेब्रुवारी १९८७ मध्ये देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामासाठी मराठीच्या वापराची तरतूदही झाली. समाधान कुणाचंच झालं नाही. तरी कायद्यात मराठीला जागा असणं म्हणजे काय, ते बेळगावकरांना वेगळं सांगायला नको.

आता हिशेबाची दुसरी बाजू. सत्तरीत पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्या अनेकांच्या नावावर ती जमीन नाही. जानेवारी २०२१ मध्ये शेळ-मेळावलीचे लोक आयआयटीविरोधात उभे राहिले, त्यामागे हेच दुखणं होतं. प्रकल्प तिथून हलला, मालकीचा प्रश्न राहिला. इतकी वर्षे सत्तेच्या जवळ असलेल्या तालुक्यात हे सुटत नसेल, तर निष्ठावान मतदाराला घाईने काही द्यावं लागत नाही, असाच अर्थ निघतो.

२०२२ च्या निवडणुकीसाठी काँग्रेसने पर्येतून उमेदवारी जाहीर केली, पण राणेंनी माघार घेतली. तिथे त्यांच्या सूनबाई दिव्या राणे भाजपतर्फे मोठ्या फरकाने जिंकल्या. पुत्र विश्वजित शेजारच्या वाळपईतून. पक्ष बदलला, घर तेच राहिलं. त्याआधी सरकारने खाशेंना तहहयात कॅबिनेट दर्जा दिला होता. सत्तरीचा शेतकरी मात्र आपल्या नावाच्या उताऱ्याची वाट बघतोय.